पेजेचे सात दिवस

पेज म्हणजे जेवण, हे मला बासष्टाव्या वर्षी एका पोरीने सांगितलं. तोवर मला कोणी विचारलं असतं, सकाळपासून काय खाल्लंस, तर उकड्या तांदळाच्या पेजेचे दोन वाडगे पोटात असतानाही मी "काय नाय" म्हटलं असतं. आणि आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंही नसतं. आमच्या मिठबावात जेवण दुपारी असतं आणि रात्री असतं. सकाळी दहाला असते ती पेज. ती पितात. तापात पेज, जुलाबात पेज, दुःखाच्या घरी शेजारून येते तीही पेजच. तिला जेवणात धरायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

आता माझ्या पोटाचं ऑपरेशन झाल्यावर लोक विचारायला येतात. त्याआधीची भूक कशी काढलीस, म्हणतात. त्यांना मी तोंडाने सगळं सांगत नाही. इथे लिहितो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गेलो नाही, कारण तोवर रापणीच्या दोरीला माझे हात लागले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वीस-पंचवीस माणसं वाळूत उभी राहून, मागे मागे पावलं टाकत ओढतात. पुढे मी आमच्या रापणीचा तांडेल झालो. जाळं कधी सोडायचं, कधी ओढायचं, हे तांडेल सांगतो आणि बाकीचे ऐकतात. वर्षानुवर्षं मी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची सवय राहिली नाही.

गुडघे गेले तसा मी दोरी सोडून नुसता हुकूम देत वाळूत बसू लागलो. जेवण मात्र दोरी ओढणाऱ्याचंच राहिलं. वजन एकशे अडतीसवर गेलं. साखर वाढली. झोपेत श्वास अडकायचा आणि बायको मला कोपर मारून जागं करायची. तरी वजन उतरवायला पोट लहान करायच्या ऑपरेशनला मी तयार नव्हतो. मग गेल्या मोसमात एका सकाळी चक्कर येऊन वाळूत पडलो. सहा जणांनी मला चादरीत घालून वर गाडीपर्यंत नेलं. उचलणं जमेना, तेव्हा त्यांनी चादरीची टोकं धरून ओढलं. मागे मागे पावलं टाकत, जाळं ओढतात तसं. त्यातल्या एकाने सवयीने "हय्या" म्हटलं आणि मग जीभ चावली. मी डोळे मिटून पडलो होतो, पण ऐकलं. त्याच दिवशी बायकोला म्हटलं, "कापूंदेत पोट."

हॉस्पिटल गोव्यातलं. सर्जन धिप्पाड, हळू बोलणारा. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. "तुमचं लिव्हर चरबीने सुजलंय. ते पोटावर झाकणासारखं बसलंय. ते लहान झाल्याशिवाय मला खाली पोचता येणार नाही. पंधरा दिवस आहार सांगतील तो पाळायचा. पाळाल?"

"पाळतो," मी म्हटलं. हॉस्पिटलात मी शाळेतलं मराठी बोलतो.

आहार सांगणारी पोर पंचविशीची असेल. तिने एक कागद दिला आणि बोलत सुटली. पावडर पाण्यातून दिवसात पाच वेळा, मुगाचं गाळलेलं पाणी, लोणी काढलेलं ताक. "सगळं पातळच घ्यायचं, अंकल. घट्ट काही नाही. बाकी काय बंद ते कागदावर आहे. एकदा माझ्यासमोर वाचता का?"

कागदावरची अक्षरं मुंगीएवढी. मला वाचता येतं, पण ओठ हलवत, एकेक अक्षर जोडून. त्या पोरीसमोर मी ओठ हलवणार नव्हतो. "चष्मा घरी राहिला," म्हटलं. चष्मा माझ्या खिशात होता. कागदाची घडी करून मी त्याच्याच शेजारी ठेवली.

बायको तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "काय सांगल्यानी?"

"पातळ घेवचा. पंधरा दिस. आणि ही पावडर."

"मगे पेज चलात?"

"पेज कित्याक नाय चलाची?"

एवढंच बोलणं झालं.

तर पहिले सात दिवस मी पावडर घेतली आणि दहा वाजता पेज प्यालो. दुपारी सोलकढी, कारण तीही पातळ. बांगड्याच्या कालवणातले तुकडे बायको बाजूला काढायची आणि वरचा रस मला द्यायची. चावायला काही नव्हतं, म्हणून मला वाटायचं मी केवढा उपास करतोय. ते मिरवायला रोज किनाऱ्यावर जायचो. तिथे माझा एक जोडीदार असतो. दोरीवर चाळीस वर्षं तो माझ्या पुढ्यात उभा राहिला. त्याची पाठ मी माझ्या बायकोच्या तोंडापेक्षा जास्त पाहिली असेल.

"काय रे तांडेला, जीव आसा मा अजून?" तो म्हणाला.

"आसा. पाच दिस झाले. अन्नाचो कण नाय पोटात."

"मगे ता पोट काय उधारीचा हाडलंस? कालच्यापेक्षा म्होटा दिसता."

सगळे हसले. मी म्हटलं, "बगशात. ऑपरेशनाच्या दिसापर्यंत उतारतला."

"आठव्या दिसाक माझ्या चुलीकडे येऊन बसतलंस, मेल्या. 'एक बांगडो भाज रे' म्हणान."

"इलंय तर माझ्या हातात परत दोरी देव नको," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

आठव्या दिवशी परत गोव्याला. या वेळी बायको आत आली. काट्यावर उभा राहिलो. वजन एक किलो उतरलं होतं. त्या पोरीने मला खाली उतरवलं, काटा तपासला, परत चढवलं. तोच आकडा.

"अंकल, दिवसभरात काय काय घेता?"

मी ताठ बसून सांगितलं. पावडर, पेज, सोलकढी, रस. सगळं पातळ.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "अंकल, आमच्या घरीही रोज पेज असते," ती म्हणाली. "पण ती भातच आहे. ते जेवण आहे. आणि सोलकढीत नारळाचा रस. मी कागदावर लिहिलं होतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझ्या खिशात हात घातला. गोव्याला जायचा सदरा तोच, त्यामुळे कागद आणि चष्मा दोन्ही बाहेर आले. चष्मा तिने माझ्या पुढ्यात टेबलावर ठेवला. ती सातवी झालेली आहे. कागद उघडून तिने मोठ्याने वाचलं, "भात, पेज, नारळ, सोलकढी, माशाचं कालवण, पूर्ण बंद." मग म्हणाली, "पयल्याच वळीत आसा. सात दिस मी माझ्या हातान तुमका पेज वाढी हुतंय."

त्या पोरीने टेबलावरचे कागद नीट केले. ते नीटच होते.

सर्जनने पोटावर मशीन फिरवून बघितलं. लिव्हर होतं तेवढंच. तो म्हणाला, "तुमची तारीख अजून आठ दिवसांवर आहे. त्या सकाळी मी परत बघेन. लहान झालं असेल तर आत घेईन. नसेल तर घरी पाठवीन, आणि मग मी तुम्हाला परत घेणार नाही."

"तारीख पुढे ढकला," बायको म्हणाली.

"तारखेचा प्रश्न नाही, बाई. जो माणूस आधी ऐकत नाही तो नंतरही ऐकत नाही. ऑपरेशननंतर न ऐकणारा मरतो. तो माझ्या हातून मरू नये."

मला माझ्या रापणीवर असं कोणी बोललं असतं तर मी त्याला समुद्रात ढकलला असता. तिथे मी मान हलवली. निघताना कागद बायकोने माझ्या खिशात परत ठेवला नाही. स्वतःच्या पिशवीत ठेवला.

तिथून खरी भूक सुरू झाली.

पहिल्या दिवशी दहा वाजले आणि माझं अंग पेज मागायला लागलं. घड्याळ न बघता कळायचं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, हात थरथरायला लागले. साखरेच्या गोळ्या त्यांनी कमी करून दिल्या होत्या आणि बायको बोटाला सुई टोचून साखर बघायची. मी ओरडायचो. कौलावर माकड आलं म्हणून ओरडलो, शेजारच्या रेडिओवर ओरडलो. पावडरीचा वास ओल्या चुन्यात गोड औषध ओतल्यासारखा. एकदा पेला भिरकावला, तो जाऊन तुळशीला लागला. बायको आली, पेला उचलला, धुतला, परत तेवढीच पावडर कालवून पुढ्यात ठेवली आणि गेली. त्या दिवसांत ती माझ्याशी फार बोलत नव्हती.

तिचा स्वयंपाक मात्र बंद नव्हता. दुपारी बांगड्यात तिरफळं पडली की तो वास मागीलदारातून पुढे पडवीपर्यंत यायचा. मी म्हटलं, "चार दिस डाळ खाल्लंस तर मरशीत काय गो?"

"ऑपरेशन माझा आसा?" ती आतूनच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती देवळात गेली होती. मागच्या अंगणात कोंबड्यांच्या वाटीत सकाळची शितं पडलेली. पाणी सुकून त्यांची खरवड झाली होती. मी तिथे किती वेळ उभा होतो आठवत नाही. एक कोंबडी टोचत होती, तिला मी पायाने हाकललं. आणि मग वाकायला गेलो. गुडघे वाकले नाहीत. खांब धरून परत प्रयत्न केला, गुडघा कडकडला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तसाच खांबाला धरून राहिलो. कोंबडी परत आली. तिने माझ्यादेखत वाटी साफ केली. भूक मी निश्चयाने काढली असं लोकांना वाटतं. त्या दिवशी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी मला वाचवलं, एवढं मी इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी पडवीतून मागे गेलोच नाही. आढ्याला बांधून ठेवलेलं जुनं जाळं खाली काढायला लावलं आणि दुरुस्तीला बसलो. एका पेल्यापासून दुसऱ्या पेल्यापर्यंत हातभर जाळं करायचं. गाठ सुटायची, परत मारायची. किती दिवस उरले ते मोजायचं नाही असं ठरवलं. रापण ओढताना जाळं किती दूर आहे ते आम्ही बघत नाही, नाहीतर हातातली ताकद जाते. समोरच्याची पाठ बघायची आणि पाऊल मागे टाकायचं. भूक यायची, घशापर्यंत चढायची, मी तोंडात कडू शिवी घोळवायचो, पाण्याचे दोन घोट घ्यायचो, गाठ मारायचो. थोड्या वेळाने ती उतरायची. अर्ध्या तासाने परत यायची. ती थकत नव्हती, पण मीही उठत नव्हतो.

आणि सहाव्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून आरोळी आली. बांगड्याचा थवा लागला होता.

मी जायला नको होतं. पण तांडेल घरी बसला आणि रापण लागली, असं कधी झालं नव्हतं. काठी टेकत गेलो. पाणी काळं पडलं होतं, पक्षी खाली झेपावत होते. मी वेळ सांगितली, लोकांनी दोऱ्या धरल्या. जाळं वर आलं तेव्हा वाळू चांदीसारखी हलायला लागली. तसा बांगडा दोन वर्षांत लागला नव्हता.

आमच्याकडे अशी रापण लागली की वाटे करण्याआधी किनाऱ्यावरच झावळ्या पेटवून मासे भाजतात. पहिला बांगडा तांडेलाच्या हातात देतात. तो मोडतो, पहिला घास खातो, मग बाकीचे हात घालतात. त्याने खाल्ल्याशिवाय कोणी खात नाही. माझ्या आधीच्या तांडेलाचंही तसंच होतं. ऑपरेशनची गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही, किंवा आली आणि गंमत म्हणून सोडून दिली. माझ्या जोडीदाराने करपलेल्या कातडीचा एक बांगडा किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाच्या पानावर घालून माझ्या पुढ्यात धरला.

"मोड, तांडेला."

मी हातात घेतला. बोटं भाजली. तेल पानावर उतरत होतं. चोवीस माणसं पहाटेपासून उपाशी दोरी ओढून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. माझ्या तोंडात इतकं पाणी आलं की मला बोलता येईना, म्हणून आधी गिळलं. एक घास. एका घासाने लिव्हर थोडंच सुजणार होतं! आणि नाही खाल्लं तर का नाही, ते सांगायला लागणार होतं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, की मी कसा पाच दिवस अन्नाचा कण न खाता राहिलोय.

"बगता काय? मोड," मागून कोणीतरी म्हणालं.

"माका खावचा नाय," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, म्हणून परत म्हटलं. "माका खावचा नाय. आणि पयले सात दिस मी उपाशी नव्हतंय. पेज पी हुतंय. कागद वाचूक नाय, आणि ती पेज चलता म्हणान घराकडे सांगलंय. डॉक्टर परवा बगतलो. नाय उतारला तर घराक धाडतलो."

कोणी हसलं नाही. मी तो बांगडा जोडीदारापुढे केला. "तू मोड."

त्याला कळलं मी काय देतोय ते. ज्याने मोडला तो तांडेल. तो एकदा माझ्याकडे, एकदा त्या माशाकडे बघत राहिला. मग पान घेतलं, बांगडा मधोमध मोडला आणि अर्धा काट्यांसकट तोंडात कोंबला.

"मीठ नाय लावलास रे!" भरल्या तोंडाने तो बाकीच्यांवर खेकसला. आणि सगळे माशांवर पडले.

मी पाण्याच्या कडेला गेलो आणि वाळूने हात घासले. तरी वास गेला नाही. घरी जाईपर्यंत तीन वेळा बोटं नाकाशी नेली. हे मला थांबवता आलं नाही.

बायको पायरीवर होती. मी जवळून गेलो आणि तिने माझा हात धरला. हुंगला. तिचं तोंड एकदम उतरलं.

"खाल्लास?"

"नाय."

"हाताक तेल आसा."

"हातात घेतलंय. खावक नाय."

शपथ घ्यावी असं वाटलं, पण "पेज कित्याक नाय चलाची" हे मी किती सरळ तोंडाने म्हटलं होतं, ते तिला ठाऊक होतं. "परवा समाजतला," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतरचे दोन दिवस मला भुकेपेक्षा ते जास्त लागलं. किनाऱ्यावर जाऊन कोणाला विचार, असंही मी तिला म्हटलं नाही. माझ्या शब्दाला साक्षीदार लागतो, हे मला सहन होणार नव्हतं.

तारखेच्या सकाळी सर्जनने पोटावर गार मलम लावून मशीन फिरवलं. एकदा फिरवलं, थांबला, परत फिरवलं. बायको भिंतीला टेकून उभी होती, पिशवी पोटाशी धरून. मी छताकडे बघत होतो. दोरी हातात आहे आणि जाळं बघायचं नाही, असं मनाशी म्हणत होतो, पण त्या दिवशी ते उपयोगी पडलं नाही. मला बघायचं होतं.

"पाच किलो उतरलंय," तो म्हणाला. "लिव्हरची कडा वर सरकलीय. घेतो आत."

नर्स ढकलगाडी आणायला गेली. बायको जवळ आली आणि चादर माझ्या पायांवर ओढली. ती तिथे आधीच होती.

"मगे खराच नाय खाल्लास?"

"तुका सांगलंय मा."

"सांगलास," ती म्हणाली. नाक पुसलं. "आता फुडचो कागद देतले तो माझ्या हातात देऊक सांगा."

"तूच घे," मी म्हटलं.

पुढचा कागद तिनेच घेतला. तिनेच रोज वाचला, माझ्या शेजारी बसून, बोट ठेवून, आणि एखादी ओळ मला वाचायला लावली. मी ओठ हलवत वाचली. पहिले दिवस नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग गाळलेलं मुगाचं पाणी. चौथ्या आठवड्याच्या ओळीत लिहिलं होतं, पातळ पेज, दोन चमचे.

ती दोन चमचे पेज मी पडवीत खाल्ली. चावून, कारण कागदावर तसंच होतं. एका चमच्याला दहा मिनिटं लागली. दुसरा अर्धा झाला होता तेव्हा नवा तांडेल रस्त्याने किनाऱ्याकडे चालला होता. फाटकाशी थांबून त्याने हाक मारली.

"येतंस काय रे दोरीवर? मागच्या टोकाक जागा ठेवलंय तुका. का बसून रवतलंस?"

"वायच थांब. जेवतंय."

"दहा वाजता?" तो म्हणाला. "काय जेवतंस?"

"पेज," मी म्हटलं, आणि उरलेला अर्धा चमचा तोंडात घातला.